देऊळगाव राजा : पुसलेल्या सरहद्दीवरचे गाव

बुलढाणा जिल्हा दोन मजल्यांचा आहे, असे आम्ही वर्गात सांगतो. खालचा मजला म्हणजे मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगावकडचा सपाट काळा मुलूख; जुन्या कागदांत याला पयनघाट म्हटले आहे. वरचा मजला म्हणजे बालाघाट, अजिंठ्याच्या डोंगररांगेवरचे पठार. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा आणि देऊळगाव राजा ही सगळी या वरच्या मजल्यावरची गावे. लोक एवढे लांबण लावत नाहीत. 'घाटाखालचा' की 'घाटावरचा' एवढ्यात माणसाचा पत्ता सांगून होतो, सोयरीक ठरवतानासुद्धा. गंमत अशी की दोन्ही मजल्यांवर एकेक पूर्णा वाहते. घाटाखालची तापीला मिळून अरबी समुद्राकडे जाते. घाटावरची, जिला आम्ही खडकपूर्णा म्हणतो, ती गोदावरीला मिळून बंगालच्या उपसागराकडे जाते. परीक्षेत मुले या दोघींची हमखास एकच नदी करतात.

आमच्या विषयाला ही दुसरी पूर्णा जवळची आहे. ती भोकरदन-जाफराबादकडून म्हणजे मराठवाड्यातून येते, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, लोणार या तालुक्यांच्या अंगाने जाते आणि पुन्हा मराठवाड्यात शिरते. नदीला सरहद्द ठाऊक नाही. माणसांनी मात्र याच पठारावर एक रेघ ओढली आणि शंभर वर्षे तिच्यावर नाके बसवले. ती रेघ 1956 साली नकाशावरून पुसली गेली. कागदांवरून ती पुसली गेली का, हा आमचा प्रश्न आहे, आणि तो देऊळगाव राजात उभे राहून विचारला तर बरा कळतो.

2011 च्या जनगणनेत या गावाची वस्ती तीस हजारांच्या आसपास होती. सिंदखेडच्या जाधवांच्या घराण्याचे हे गाव. नावातला 'राजा' त्यांच्यामुळेच. आश्विनात बालाजीची मोठी यात्रा भरते. तालुक्यातले मेहुणा राजा हे संत चोखामेळ्यांचे जन्मगाव, आणि म्हणूनच देऊळगाव मही जवळच्या खडकपूर्णा धरणाच्या जलाशयाला त्यांचे नाव दिले आहे. जालना शहर येथून तीस-पस्तीस किलोमीटर. आमचे जिल्ह्याचे ठिकाण, बुलढाणा, त्याच्या दुपटीहून लांब. जालन्याकडे जाताना आडवी येणारी मोठी नदी नाही, चढायला घाट नाही. तीच माती, तेच कापूस-सोयाबीन, तीच दख्खनी बोली. रस्त्यात जिल्हा बदलतो तेव्हा पाटी वाचली नाही तर कळतही नाही.

मग येथे रेघ आली कशी? निझामांचे राज्य ज्या लढाईतून जन्माला आले ती लढाई हैदराबादजवळ झाली नाही, आमच्याच जिल्ह्यात झाली. 1724 च्या ऑक्टोबरात सिंदखेड राजा तालुक्यातल्या साखरखेर्ड्याला निझाम-उल-मुल्क आणि मुबारिझखान समोरासमोर आले. मुबारिझखान पडला, निझाम दख्खनचा धनी झाला आणि साखरखेर्ड्याचे नाव फत्तेखेर्डा ठेवले गेले. पुढे लोकांनी जुनेच नाव चालवले. लोकांचे असेच असते. म्हणजे आसफजाही हुकूमतीचा पाया जेथे घातला गेला ते गाव पुढे त्या हुकूमतीच्या कारभाराबाहेर गेले. साखरखेर्ड्याच्या लढाईचे नाव आमच्या मुलांना पाठ्यपुस्तकात क्वचितच भेटते; पानिपत मात्र त्यांना तोंडपाठ असते.

1757 च्या डिसेंबरात सिंदखेडला पुन्हा मराठे आणि निझाम यांची गाठ पडली आणि निझामाला पंचवीस लाखांचा मुलूख आणि नळदुर्गाचा किल्ला सोडावा लागला. या सगळ्या काळात वऱ्हाडात दुअमली होती. एकाच गावातून निझामाचाही वसूल जाई आणि नागपूरकर भोसल्यांचाही. दोन धनी असलेल्या रयतेचे काय होते ते आजच्या वाचकाला समजावून सांगायला नको. 1803-04 मध्ये जनरल वेलस्ली असईच्या लढाईनंतर या भागातून फिरला, तेव्हा त्याने सिंदखेडला चोरांचे घरटे म्हटले आणि माणसे शेकड्यांनी उपाशी मरत आहेत, त्यांना विचारणारे सरकारच नाही, असेही लिहून ठेवले. पहिले वाक्य पुष्कळ जण सांगतात, दुसरे फारसे कोणी सांगत नाही. दोन्ही एकत्र वाचली तर चोर कोठून आले याचा उलगडा होतो.

डिसेंबर 1803 मध्ये देवगावचा तह झाला आणि वर्धेच्या पश्चिमेचा वऱ्हाड निझामाकडे आला. याच 1803 साली युरोपात ऱ्हाईन नदीवरचे राईनफेल्डन हे छोटे गाव स्वित्झर्लंडच्या आरगाऊ प्रांतात दाखल झाले. त्याआधी ते शतकानुशतके ऑस्ट्रियाचे होते. नेपोलियनच्या लढायांत नदी हीच सरहद्द ठरली आणि पुलाच्या या टोकाला एक देश, त्या टोकाला दुसरा असे झाले. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी समोरच्या जर्मन काठावर वीजकेंद्र आले, त्याच्याभोवती वस्ती वाढली आणि तिनेही राईनफेल्डन हेच नाव घेतले. एका नावाची दोन गावे, दोन देशांत. भूगोल शिकवताना हे उदाहरण आम्हाला उपयोगी पडते, कारण तेथील सरहद्द डोळ्यांना दिसते. आमची दिसत नव्हती. ती नदीने आखली नव्हती, कर्जाने आखली होती.

कर्जाची गोष्ट अशी. इंग्रजांनी निझामाच्या नावाने हैदराबाद कन्टिन्जंट नावाची फौज उभी केली होती. अंमलदार इंग्रज, हुकूम इंग्रजांचा, पगार मात्र निझामाच्या खजिन्यातून. पगार थकत गेला, त्यावर व्याज चढले. याच काळात देऊळगाव राजाच्या जाधवांकडे अरब शिपाई होते. बाजीराव जाधवांच्या या अरबांची निझामाच्या फौजेशी लढाई झाली, 1851 मध्ये जाधवांची जहागीर जप्त झाली आणि बाजीराव 1856 मध्ये कैदेतच वारले. मराठा जहागीरदार, त्याच्या चाकरीत मुसलमान अरब, आणि समोर मुसलमान बादशहाची इंग्रजी कवायतीची फौज. आज इतिहासाची जी सोपी वाटणी आपल्याला ऐकवली जाते तिच्यात ही लढाई कोठेच बसत नाही. कदाचित म्हणूनच ती सांगितली जात नाही.

21 मे 1853 रोजी निझाम नासिर-उद्-दौलांनी तहावर सही केली आणि फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. दिवाण सिराज-उल्-मुल्क त्यानंतर काही दिवसांतच वारले. त्यांच्या जागी आलेले तरुण सालारजंग 1883 मध्ये मरेपर्यंत वऱ्हाड परत मागत राहिले. मिळाला नाही. त्या दिवसापासून देऊळगाव राजा इंग्रजी अमलाखालचे शेवटचे गाव झाले आणि जालना मोगलाईतले पहिले शहर. आमच्या भागातली म्हातारी माणसे अजूनही जालन्याकडच्या मुलखाला 'मोगलाई' म्हणतात. तेथे मोगल कधीचे संपले, निझामही संपले, शब्द टिकला.

या सरहद्दीवर रोजचे जगणे कसे असेल ते पाहावे. निझामाच्या राज्याचा स्वतःचा जकात विभाग होता, त्याला करोडगिरी म्हणत. बाहेरून येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या मालावर साधारण शेकडा पाच असा कर बसे. म्हणजे देऊळगाव राजाचा व्यापारी जालन्याच्या बाजाराला निघाला की नाका आलाच. पुढे पैसा बदलायचा. इकडे इंग्रजांचा कलदार, तिकडे निझामाचा हाली सिक्का. शंभर कलदारला साधारण एकशे साडेसोळा हाली, म्हणजे सहाला सात असा हिशेब. अंकगणिताच्या पुस्तकाशिवाय हे गणित येथील बायकांनाही येत असे, कारण माहेर एका रुपयातले आणि सासर दुसऱ्या रुपयातले. टपालाचेही तसेच. निझामाचे तिकीट फक्त निझामाच्या राज्यात चाले. तीस किलोमीटरवर मुलीला पत्र धाडायचे तर इंग्रजांचे तिकीट हवे. सालही वेगळे. इकडे इसवी सन, तिकडे दफ्तरात फसली सन, त्याचे महिने आजूर, दै, बहमन असे फारसी नावांचे.

आणि भाषा वेगळी. आम्ही उर्दूचे शिक्षक, म्हणून आमचे लक्ष येथे जास्त रेंगाळते. हैदराबाद राज्यात 1884 च्या सुमारास फारसीच्या जागी उर्दू ही राजभाषा झाली. वरच्या वर्गांचे शिक्षण उर्दूत होते, आणि 1918 मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात तर पदवीपर्यंतचे विषय उर्दूत शिकवले जाऊ लागले. सरहद्दीच्या अलीकडे वऱ्हाडात दफ्तर मराठीत, शाळा बहुतेक मराठीत. उर्दू शाळा होत्या, पण त्या मुसलमान मुलांसाठी. परिणाम असा झाला की जालन्याकडचा जुना ब्राह्मण वकील किंवा पाटील अस्खलित उर्दू लिही, आणि देऊळगाव राजाकडचा मुसलमान शेतकरी सातबारा मराठीत वाची. भाषेला धर्म चिकटवणाऱ्यांनी ही तीस किलोमीटरची वाट एकदा चालून पाहायला हवी होती.

आगगाडीनेही हीच रेघ पाळली. खामगावची कापसाची पेठ मोठी, म्हणून 1870 मध्ये जलंबहून खामगावपर्यंत इंग्रजांची रुंद रुळांची शाखा आली आणि तेथेच थांबली. 1900 च्या सुमारास निझामाच्या रेल्वेची मीटर गेज गाडी मनमाडहून औरंगाबाद, जालना करत हैदराबादकडे गेली. या दोन रुळांच्या मध्ये चिखली, देऊळगाव राजाचा सगळा पट्टा कोरडा राहिला. दोन वेगळ्या राज्यांच्या दोन रेल्वे, एकाचा रूळ दुसऱ्याला जुळत नाही, मग मधला तुकडा बांधणार कोण? खामगाव-जालना रेल्वेमार्गाची मागणी शंभर वर्षांहून जुनी आहे. दर निवडणुकीत ती नवी होते.

आता एक कायद्याची गंमत. वऱ्हाड इंग्रजांकडे असला तरी तो निझामाच्या मालकीचा नाही असे कोणी म्हटले नव्हते. 1902 मध्ये लॉर्ड कर्झनने तो कायमच्या भाडेपट्ट्याने घेतला, दरसाल पंचवीस लाख रुपये ठरले. 1923 मध्ये मीर उस्मान अली खान यांनी तो परत मागितला. 1926 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगने त्यांना असे उत्तर दिले की इंग्रजी सत्तेशी बरोबरीने वाद घालायचा हक्क कोणाही संस्थानिकाला नाही. 1936 च्या करारात निझामाची मालकी पुन्हा कागदावर मान्य झाली, वऱ्हाडात इंग्रजांच्या झेंड्याबरोबर त्यांचाही झेंडा लावायचे ठरले, आणि त्यांच्या थोरल्या शहजाद्यांना 'प्रिन्स ऑफ बेरार' हा किताब मिळाला. म्हणजे देऊळगाव राजाचा माणूस, हिंदू असो की मुसलमान, कायद्याने निझामाची रियाया होता आणि त्याचा सारा मात्र नागपूरच्या सरकारकडे जात होता. आमच्या विद्यार्थ्यांना कधी कधी बाहेरगावी 'तुम्ही निझामाचे' असे ऐकावे लागते. तसे पाहिले तर 1947 पर्यंत सगळा वऱ्हाडच निझामाचा होता, आणि कारभाराने पाहिले तर 1853 नंतर त्यातला कोणीच नव्हता.

15 ऑगस्ट 1947 ला देऊळगाव राजा स्वतंत्र भारतात आले. जालना आले ते 17 सप्टेंबर 1948 नंतर. मधले तेरा महिने ही रेघ खरोखरची आंतरराष्ट्रीय सरहद्द असल्यासारखी होती. हैदराबादच्या मुक्तीसाठी लढणाऱ्यांची शिबिरे संस्थानाच्या सीमेबाहेर उभी राहिली होती, आणि रझाकारांच्या दहशतीने तिकडची हिंदू कुटुंबे सरहद्दीच्या अलीकडे येत होती. सप्टेंबरात भारतीय फौज शिरली, औरंगाबाद, जालना पहिल्या दोन-तीन दिवसांतच हाती आले, पाचव्या दिवशी निझामाने शरणागती दिली. त्यानंतर जे झाले त्याची चौकशी भारत सरकारने पंडित सुंदरलाल यांच्या समितीकडे दिली. समितीने रझाकारांचे जुलूम नोंदवले आणि नंतर मुसलमानांवर झालेला सूडही नोंदवला. मेलेल्यांचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजारांचा होता, सर्वात जास्त हानी उस्मानाबाद, नांदेड, बीदर आणि गुलबर्गा या चार जिल्ह्यांत. हा अहवाल कित्येक दशके कुलपात होता. 2013 च्या सुमारास तो लोकांच्या वाचनात आला.

सरहद्दीच्या अलीकडे हे घडले नाही. येथे फौज आली नाही, हुकूमत बदलली नाही. म्हणून एकाच कुटुंबाच्या दोन शाखांत 1948 दोन तऱ्हांनी सांगितले जाते. आमच्या आजोळी, रेघेपलीकडे, त्या सालाचा विषय निघाला की मोठी माणसे आवाज खाली आणत, आणि मुलांना पाणी आणायला पाठवत. वडिलांकडे, रेघेच्या अलीकडे, त्याच सालाची आठवण म्हणजे धान्य महागले आणि जालन्याची बाजारवाट काही दिवस बंद होती. दोघेही खरे सांगत होते. जालन्याकडे 17 सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचे झेंडावंदन होते. आमच्या बाजूला तो शाळेचा नेहमीचा दिवस असतो.

1950 ते 1956 देऊळगाव राजा मध्य प्रदेशात होते आणि जालना हैदराबाद राज्यात. 1 नोव्हेंबर 1956 ला दोन्ही मुंबई राज्यात आले, 1 मे 1960 ला महाराष्ट्रात. नाके उठले होते, हाली सिक्काही त्याच दशकात व्यवहारातून गेला. रेघ संपली असे म्हणायला हरकत नव्हती. पण देऊळगाव राजाच्या माणसाचा उच्च न्यायालयात खटला असेल तर तो नागपूरच्या खंडपीठाकडे जातो, साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. औरंगाबादचे, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचे खंडपीठ शंभर किलोमीटरच्या आत-बाहेर आहे, ते जालन्याच्या माणसासाठी. दहावीचा निकाल अमरावतीहून, विद्यापीठ अमरावतीचे. 1994 मध्ये विदर्भ आणि मराठवाड्याची वेगवेगळी विकास मंडळे झाली तीही याच जुन्या रेघेवरून. त्यांची मुदत एप्रिल 2020 मध्ये संपली. वेगळ्या विदर्भाची मागणी होते तेव्हा नागपूर-अमरावतीत तिचा जोर असतो. देऊळगाव राजात ती ऐकून लोक आधी विचारतात, जालन्याला जाताना मग पुन्हा नाका लागणार का?

पोट तर जालन्याकडेच बघते. 1964 मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको कंपनी काढली आणि त्या शहराची ओळख बियाण्यांची पेठ अशी झाली. आमच्या देऊळगाव राजा, सिंदखेड राजा भागात आता शेतांत शेडनेटचे पांढरे-हिरवे तंबू दिसतात. टोमॅटो, मिरची, वांग्याचे संकरित बियाणे तेथे तयार होते. मादी झाडाच्या कळीतले पुंकेसर चिमट्याने काढायचे आणि नर झाडाचे परागकण हाताने लावायचे. शेतकरी याला नुसते 'क्रॉसिंग' म्हणतात. काम बारीक आहे, बहुतेक बायकाच करतात. क्रॉसिंगच्या दिवसांत आमच्या वर्गातल्या मुलींची हजेरी कमी होते. पाणी मिळते ते खडकपूर्णेचे. आणि हे पाणी वर अडले म्हणून खाली येलदरी धरण भरत नाही, अशी ओरड मराठवाड्यातून होते. नदीवरही अखेर रेघ आलीच.

या रेघेची सर्वात ताजी आठवण मराठा आरक्षणाच्या चळवळीने करून दिली. वऱ्हाडात शेतकरी मराठ्यांपैकी पुष्कळांची नोंद कुणबी अशी आहे आणि पंजाबराव देशमुखांच्या काळापासून तो शब्द येथे कमीपणाचा राहिला नाही. रेघेपलीकडे तसे झाले नाही. 2023 च्या ऑगस्ट-सप्टेंबरात जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीला मनोज जरांगे यांचे उपोषण पेटले. सरकारने निझामकाळातल्या कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली आणि तहसिलींच्या कोठड्यांतून बस्ते बाहेर निघाले. 2 सप्टेंबर 2025 रोजी हैदराबाद गॅझेटचा आधार घेणारा शासन निर्णयही निघाला. आरक्षण कोणाला द्यावे या वादात आम्ही पडत नाही. तो आमचा अधिकार नाही. पण बस्ते सुटले तेव्हा आतले कागद मोडीत आणि उर्दूत होते, आणि मोडी वाचणारे जसे हुडकावे लागले तसे उर्दू वाचणारेही.

त्या हिवाळ्यात जाफराबादकडचे एक वृद्ध शेतकरी आमचा पत्ता विचारत आले. हातात जुन्या पत्रकाची झेरॉक्स. म्हणाले, "सर, एवढं वाचून द्या." अक्षर शिकस्ता, म्हणजे घाईने लिहिलेले मोडके वळण, ज्यात लिहिणारा नुक्ते देतच नाही. उर्दूत 'नून' आणि 'बे' शब्दाच्या मध्ये आले की दोघांचा एकच दातरा उरतो. वर टिंब असेल तर नून, खाली असेल तर बे. जातीच्या रकान्यात काफनंतर दोन दातरे होते, शेवटी 'ये', आणि टिंब एकही नाही. आम्ही खालच्या-वरच्या ओळींतले बाकीचे शब्द लावून पाहिले, कारकुनाचा हात ओळखीचा झाला, मग तोच शब्द आणखी तीन ठिकाणी सापडला आणि त्यातल्या एका ठिकाणी वरचे टिंब शाबूत होते. कुनबी. साल 1343 फसली. आम्ही वजाबाकी-बेरीज करून 1933-34 लिहून दिले आणि हेही सांगितले की आमचे वाचन म्हणजे सरकारी दाखला नव्हे, कचेरीच्या माणसाकडून ते पुन्हा वाचून घ्या. त्यांनी कागदाची घडी घालून बंडीच्या आतल्या खिशात ठेवली. लेक देऊळगाव राजात दिलेली आहे, म्हणाले. व्याह्यांचे कागद सगळे मराठीत, त्यांना हा ताप नाही. चहा अर्धाच घेतला, कारण जाफराबादची शेवटची गाडी साडेपाचला होती.